व्यालेल्या मादीचा घास

ससेपालकाच्या शेडमध्ये शिरलं की दोन तक्रारी हमखास कानावर येतात. मादी नर घेत नाही. आणि दूध तोडलं की पिल्लं हगवणीनं मरतात. दोष जातो नराला, जातीला नाहीतर हवेला. मी आधी खुराकाचं पोतं बघतो. बहुतेक शेडमध्ये लहानमोठ्या सगळ्यांना ते एकच असतं.

सशाच्या दुधात प्रथिनं १० टक्क्यांच्या वर असतात, गाईच्या दुधाच्या तिपटीहून जास्त. मादी दिवसातून बहुधा एकदाच, तीन-चार मिनिटं पाजते आणि तेवढ्यावर ५०-६० ग्रॅमचं पिल्लू आठवड्याभरात दुप्पट होतं. तिसऱ्या आठवड्यात चांगली मादी रोज २०० ग्रॅम दूध देते, म्हणजे २० ग्रॅमहून अधिक प्रथिनं रोज तिच्या अंगातून जातात. किलोभर हिरव्या नेपिअरमध्ये जेमतेम तेवढीच असतात, आणि तीही सगळी पचत नाहीत. चार किलोचं जनावर गवत खाऊन खाऊन किती खाणार? मग ती अंगावरचं मांस झिजवते. अशा मादीला आपण व्याल्यावर दहा-बारा दिवसांत पुन्हा नराकडे नेतो, आणि ती फळली नाही तर वांझ ठरवून विकतो. मला हे अन्यायाचं वाटतं. ती उपाशी असते.

दुभत्या मादीच्या खुराकात १७-१८ टक्के प्रथिनं हवीत, वाढत्या पिल्लांना १५-१६ पुरतात, रिकामी मादी आणि नर १२-१३ वर राहतात. ससा स्वतःच्या मऊ लेंड्या खाऊन जंतूंनी बनवलेली थोडी प्रथिनं परत मिळवतो, पण दुभतीची तूट त्यानं भरत नाही.

पिल्लांचं गणित मात्र उलटं आहे. लवकर वजन यावं म्हणून मूठभर शेंगदाणा पेंड जास्त टाकली जाते. न पचलेलं प्रथिन आंधळ्या आतड्यात उतरतं, तिथे क्लॉस्ट्रिडियमसारखे जंतू माजतात आणि नुकतं दूध तोडलेलं पिल्लू दोन दिवसांत जातं. शिवाय या पेंडीत लायसीन आणि मेथिओनीन कमी, म्हणजे टक्का दिसतो पण वाढ दिसत नाही. ओल धरलेल्या पेंडीतलं अफ्लाटॉक्सिन तर सशाला फारच लवकर बाधतं. पिल्लांना पेंडीच्या मुठीपेक्षा तंतूमय चारा जास्त गरजेचा आहे.

म्हणून माझा आग्रह दोन पोत्यांचा आहे: एक दुभत्यांचं, एक बाकीच्यांचं. खुराक बनवणाऱ्यांनीही पोत्यावर प्रथिनांच्या आकड्याशेजारी तंतू आणि लायसीन छापावं. आणि एक तराजू घ्या. पिल्लं २१ दिवसांपर्यंत जवळजवळ दुधावरच असतात, म्हणजे त्यांचं वजन हेच आईच्या दुधाचं माप. एकविसाव्या दिवशी अख्ख्या वेताचं वजन करून पिंजऱ्यावर लिहा. मादीला विकायचं की खाऊ घालायचं, ते त्या आकड्यावरून ठरवा.