गोळी सुटते क्षणात, भोग मात्र जन्माचे

झाशी जिल्ह्यात, किंबहुना सबंध बुंदेलखंडात, लग्नसराई आली की वरातीत बंदुकीचे बार काढण्याची चाल आहे. 'हर्ष फायरिंग' हे तिचे गोंडस नाव. परंतु हवेत झाडलेली गोळी हवेतच विरत नाही, आणि नशेत धरलेली नळी नेहमी आकाशाकडेच राहते असेही नाही. तिच्यासमोर येतात ते वाजंत्री, आचारी, गच्चीवरून वरात पाहणारी मुले. डिसेंबर २०१६ मध्ये पंजाबातील भटिंडा जिल्ह्यात एका लग्नात अशाच गोळीने पोटासाठी नाचणाऱ्या तरुणीचा बळी घेतला. हर्ष एकाचा, मरण दुसऱ्याचे, असा हा व्यवहार आहे.

त्याची मुळे सरंजामी प्रतिष्ठेत आहेत. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी जनतेला निःशस्त्र केले; १८७८ च्या कायद्याने हिंदी माणसावर परवान्याची सक्ती केली आणि युरोपियनांना तीतून सूट दिली. तेव्हापासून परवाना हे सत्तेच्या मर्जीचे चिन्ह बनले. १९५९ साली नवा कायदा आला, पण ही मनोवृत्ती टिकली. ३१ डिसेंबर २०१६ च्या सरकारी आकडेवारीनुसार देशातील सुमारे ३३ लाख ६९ हजार परवान्यांपैकी १२ लाख ७७ हजारांहून अधिक एकट्या उत्तर प्रदेशात होते. चोरट्या देशी कट्ट्यांची तर गणतीच नाही.

२०१९ च्या दुरुस्तीने समारंभातील जीवघेण्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरविली. परंतु बार काढणारा जमीनमालक आणि जखमी त्याच्याच शेतावरील मजूर असेल, तर साक्ष द्यावी कोणी? कायद्याची धार बोथट होते ती येथे.

वाचलेल्यांची स्थिती याहून बिकट आहे. कोणत्याही डॉक्टरने पोलिसी सोपस्कारांची वाट न पाहता तातडीचे उपचार केले पाहिजेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच दिला. मात्र नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ मधील मोफत उपचाराची सक्ती बलात्कार, ॲसिडहल्ला यांसारख्या गुन्ह्यांतील पीडितांपुरती आहे. गोळीने जखमी झालेला तीत नाही. कलम ३९६ नुसार जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून भरपाई व अंतरिम मदत मिळू शकते, गुन्हेगार सापडला नसला तरीही. पण पाय गमावलेल्या विणकराला किंवा कर्ता पुरुष गेलेल्या विधवेला ही वाट दाखविणार कोण?

हे काम संघटित चळवळीचे आहे. झाशीची रेल्वे कार्यशाळा, 'भेल'चा कारखाना, राणीपूरचे हातमाग येथील कामगार-विणकरांनी व महिला संघटनांनी ते हाती घ्यावे. जखमेवर स्वच्छ कापडाने घट्ट दाब द्यावा, गोळी उपसण्याच्या भरीस पडू नये, जखमीस त्वरित रुग्णालयात न्यावे, हे शिक्षण गावोगाव द्यावे. भरपाईचा अर्ज भरून द्यावा, साक्षीदाराच्या पाठीशी सामुदायिक बळ उभे करावे. लग्नपत्रिकेवरच 'बंदूक आणू नये' असे छापण्याचा आग्रह धरावा. आणि गोळीच्या जखमींचा समावेश कलम ३९७ मध्ये व्हावा, ही मागणी संसदेपर्यंत न्यावी.

ज्या झाशीने परकीय सत्तेविरुद्ध शस्त्र उचलले, तिच्या वारशाचा मान शेजाऱ्याच्या लेकरावर रोखलेल्या नळीने राहत नाही. तो राहतो कष्टकऱ्याच्या जिवाची किंमत वसूल करणाऱ्या संघटित निर्धाराने.