‘रिपोर्ट नॉर्मल आहेत’ हे उत्तर नाही

‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, तुम्हाला काही झालेलं नाही.’ आपल्याकडच्या दवाखान्यांत रोज किती जणांना हे ऐकून घरी जावं लागतं! यातलं पहिलं अर्धं वाक्य खरं असतं. दुसरं अर्धं कुठून येतं? रिपोर्टात तर ते लिहिलेलं नसतं.

माझा आक्षेप या दुसऱ्या अर्ध्या वाक्याला आहे.

हान्स-गेओर्ग गाडामर नावाचा जर्मन तत्त्वज्ञ होता. 1900 मध्ये जन्मला, 2002 मध्ये गेला, तरुणपणी पोलिओतून उठलेला. हर्मेन्युटिक्स, म्हणजे अर्थ लावण्याचं शास्त्र, हा त्याचा विषय. (आपल्याकडे निरूपण ऐकत वाढलेल्यांना ही कल्पना परकी वाटू नये.) धर्मग्रंथ, कायदे, कविता यांचा अर्थ कसा लावायचा, इथून हे शास्त्र सुरू झालं. 1993 साली गाडामरचं आरोग्यावरच्या लेखांचं एक पुस्तक आलं. त्यातला मुख्य मुद्दा असा, की आरोग्य लपलेलं असतं. ते असतं तेव्हा जाणवत नाही, आपण आपल्या कामात असतो. ते मोजता येत नाही, मोजता येतो तो बिघाड, आणि तोही सगळा नाही. म्हणून डॉक्टर-पेशंटचं बोलणं ही उपचाराआधीची औपचारिकता नाही, उपचार तिथूनच सुरू होतो.

आपली भाषा हे आधीपासून जाणते. ‘स्वस्थ’ म्हणजे स्वतःत स्थिर असलेला. आपण ‘प्रकृती कशी आहे?’ विचारतो, तुमचे आकडे कसे आहेत असं विचारत नाही.

आता कुणी म्हणेल, हे पुस्तकी झालं, ओपीडीत दीडशे माणसं उभी असताना कसली निरूपणं करता? म्हणून गडचिरोलीकडे चला.

डॉ. राणी बंग यांनी तिथल्या दोन गावांतल्या 650 बायकांची तपासणी केली. 1989 साली ‘लॅन्सेट’मध्ये ते संशोधन आलं. 92 टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते. त्याआधी कधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. त्या काळात सरकारी यंत्रणेला खेड्यातली बाई दिसायची ती बाळंतपणात आणि नसबंदीत. ‘पांढरं जातंय, कंबर भरून येते’ हे तिचं बोलणं म्हणजे बायकांची नेहमीची कुरकुर. त्या कुरकुरीचं निदान करायचं, तर आधी ती ऐकावी लागली.

पण गोष्ट इथे थांबत नाही. पुढे गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी याच तक्रारीचा मोठा अभ्यास केला, तो 2005 साली प्रसिद्ध झाला. तिथे या तक्रारीचा जंतुसंसर्गाशी संबंध कमजोर निघाला. ताण, उदासी, घरातले हाल यांच्याशी मात्र घट्ट. म्हणजे बाई तेच वाक्य बोलते, ‘पांढरं जातंय’, आणि एकीच्या बाबतीत ते संसर्गाचं लक्षण असतं, तर दुसरीच्या बाबतीत न सांगता आलेल्या दुःखाचं. पहिलीला नुसता धीर देणं चूक, दुसरीला अँटिबायोटिकचा कोर्स देऊन वाटेला लावणंही चूक. कोणती कोण हे कसं कळणार? तपासून, आणि विचारून. दोन्ही लागतं. मी लॅबच्या विरोधात नाही, लॅब पुरेशी आहे या समजुतीच्या विरोधात आहे.

गाडामर आणखी एक गोष्ट सांगतो. ऐकणारा कोऱ्या पाटीचा नसतोच, त्याचे पूर्वग्रह असतात आणि ते असणारच. प्रश्न एवढाच, की समोरच्याच्या बोलण्यापुढे ते पणाला लावायची तुमची तयारी आहे का? आपल्या ओपीडीत ती दिसत नाही. बाई म्हणते, ‘अंगावर काढलं.’ लगेच दरडावणी, ‘इतके दिवस काय करत होतात?’ अहो, हा खरा प्रश्न म्हणून विचारा ना! उत्तर मिळेल. रोज बुडतो, एसटी एकच आहे, घरात सांगायला कुणी नाही. या उत्तरावर पुढची औषधं ठरतात. दर आठवड्याला ‘दाखवायला या’ असं लिहून दिलेली ती बाई येणार नाही, हे पहिल्याच दिवशी कळलं असतं.

वेळ नाही, हे मान्य. पण 1984 साली अमेरिकेत झालेल्या एका प्रसिद्ध अभ्यासात डॉक्टर पेशंटला सरासरी 18 सेकंदांत तोडत होते, आणि तिथे काही दीडशेची रांग नव्हती. तेव्हा प्रश्न नुसत्या वेळेचा नाही, सवयीचाही आहे. जिथे खरोखर वेळ नाही, तिथे दोष एकट्या डॉक्टरचा नाही. रिकामी पदं त्यानं ठेवलेली नाहीत. योजनांत शस्त्रक्रियेचं पॅकेज आहे, ऐकण्याचं नाही. आशाताईला पेशंटची बोली कळते, घर कळतं, पण तिचा मोबदला ठरतो कामांच्या यादीवर. तिनं काय ऐकलं याला फॉर्मात रकानाच नाही.

2019 पासून एमबीबीएसला संवाद आणि नीतिमत्ता शिकवायचा अभ्यासक्रम आहे. चांगलंच आहे. पण मुख्य तक्रार पेशंटच्याच शब्दांत लिहायची, हे तर त्याच्याही आधीपासून प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवतात. तेवढं तरी करा. मराठीत लिहा. ‘छातीत धस्स होतं’ याचं पहिल्याच ओळीत इंग्रजी करून टाकू नका, कारण पुढचा डॉक्टर ते इंग्रजीच वाचणार आणि मूळ वाक्य कायमचं गेलं.

आरोग्य विभागाकडे माझी मागणी साधी आहे. सरकारी केसपेपरवर सगळ्यात वर दोन ओळी मोकळ्या ठेवा, ‘पेशंटच्या शब्दांत’ असं छापून. याला मशीन लागत नाही, टेंडर लागत नाही. बहुतेक म्हणूनच कुणाला सुचत नसावं.

आणि मंडळी, तुमच्या घरात जुने केसपेपर असतीलच. काढून बघा, तुम्ही सांगितलेलं एक तरी वाक्य त्यात सापडतं का. सापडलं तर नाव-नंबर झाकून खाली कमेंटमध्ये टाका.