समान काम की समान मोलाचे काम?

२४ ऑक्टोबर २०१२ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने बर्मिंगहॅम महापालिकेविरुद्ध एक निकाल दिला. दावा करणाऱ्या १७४ माजी कर्मचाऱ्यांत बहुतेक स्त्रिया होत्या : स्वयंपाकिणी, सफाई करणाऱ्या, वृद्धांची देखभाल करणाऱ्या. कचरा उचलणे, रस्ते झाडणे, थडगी खणणे या पुरुषांच्या कामांना पगारावर बोनस मिळे. तो या स्त्रियांना कधी मिळाला नाही. नोकरी सोडून सहा महिने उलटल्यामुळे न्यायाधिकरणाचे दार त्यांना बंद झाले होते. पाचांपैकी तीन न्यायमूर्तींनी ठरवले, की सहा वर्षांची मुदत असलेल्या दिवाणी न्यायालयात त्या दाद मागू शकतात.

वरवर पाहता हा मुदतीचा वाद. साहित्याच्या अभ्यासकांनी त्यात का लक्ष घालावे? आमच्या मते घालावे. कारण या लढ्याच्या मुळाशी शब्दांचा प्रश्न आहे. स्वयंपाकीण आणि थडगे खणणारा यांची कामे सारखी कधीच नसतात. साम्य शोधू गेलो तर तुलना तिथेच खुंटते. मोल शोधू लागलो की कौशल्य, कष्ट, जबाबदारी ही मापे हाती येतात. ब्रिटनच्या १९७० च्या कायद्यात ‘समान मोलाचे काम’ हा स्वतंत्र आधार १९८४ पासून आला. तोवर काम एकसारखे तरी असावे लागे, किंवा मालकानेच मूल्यमापन करून ते तुल्य ठरवलेले असावे लागे.

ओझे उचलणे म्हणजे श्रम आणि अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीची कूस बदलणे म्हणजे माया, असे आपली भाषा शिकवते. ज्याला कौशल्य म्हटले त्याला दाम मिळतो. ज्याला स्वभाव म्हटले त्याच्या वाट्याला कौतुक येते.

या लढ्यावरचा मोठा आक्षेप बर्मिंगहॅमचाच आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये महापालिकेने आपले हिशेब जुळत नसल्याची अधिकृत सूचना काढली, समान वेतनाच्या देण्यांकडे बोट दाखवले आणि पुढे नागरी सेवांना कात्री लागली. तोवर या दाव्यांपोटी सुमारे ११० कोटी पौंड दिले गेले होते. म्हणजे स्त्रियांनी शहर बुडवले? फसलेली संगणकप्रणाली आणि आटलेले सरकारी अनुदान हीही कारणे होती. शिवाय हे दान नव्हते. वर्षानुवर्षे न विचारता घेतलेले कर्ज होते.

समानता वरून खाली ओढूनही साधता येते, हा धोका मात्र खरा आहे. २०२५ मध्ये बर्मिंगहॅमचे कचरा कामगार आपले एक पद रद्द झाल्यामुळे बेमुदत संपावर गेले, तेव्हा महापालिकेने समान वेतनाचेच कारण पुढे केले. ग्लासगोत चित्र निराळे दिसले. ऑक्टोबर २०१८ मध्ये सुमारे आठ हजार स्त्रियांनी दोन दिवसांचा संप केला, तेव्हा तिथल्या कचरा कामगारांनी त्यांची निदर्शनरेषा ओलांडण्यास नकार दिला. २०१९ मध्ये सुमारे ५४.८ कोटी पौंडांची तडजोड झाली.

आपल्याकडे काय? समान मोलाच्या कामाला समान वेतन देण्याचा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९५८ मध्ये मान्य केला. १९७६ च्या कायद्यात मात्र शब्द आले ते ‘तेच किंवा तत्सम स्वरूपाचे काम’. मॅकिनन मॅकेन्झी कंपनीच्या लघुलेखिकेने याच शब्दांच्या बळावर १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा जिंकला, कारण पुरुष लघुलेखक तेच काम करत होते. पण जिथे पुरुष नाहीतच, अशा कामातल्या बाईने तुलनेला कोणाकडे पाहावे? २०१९ च्या वेतनसंहितेनेही जुनीच शब्दयोजना ठेवली.

वर्गात आम्ही भिन्न प्रकृतीच्या दोन कृतींची तुलना करायला शिकवतो आणि मोल साम्यावर ठरत नाही, हे बजावून सांगतो. आमच्याच महाविद्यालयाचे जिने पुसणाऱ्या मावशींच्या कामाला हा निकष आम्ही अजून लावलेला नाही. सुरुवात तिथून करावी, असे वाटते.