तुतारीच्या शेजारची पिपाणी

सदरलेखकाची दुपारची वामकुक्षी हा या सदराच्या वाचकांना नवा विषय नाही. गणपतीतला डीजे, भंगारवाल्याची रेकॉर्ड केलेली आरोळी, समोरच्या बंगल्यातलं टाइल्स कापायचं यंत्र अशा तिच्या एकूणएक वैऱ्यांची इथे वेळोवेळी जाहीर नोंद झालेली आहे. नगरपालिकांच्या प्रचाराच्या आठवड्यात त्या यादीत दोन रिक्षांची भर पडली. एक रिक्षा एका पक्षाची, दुसरी त्याच्या मित्रपक्षाची. मैत्री मुंबईत. गावात दोघे एकमेकांच्या सावलीलाही उभे राहत नाहीत.

बुधवारी दुपारी, ऐन वामकुक्षीच्या वेळी, या दोन रिक्षा सदरलेखकाच्या बोळात समोरासमोर आल्या. बोळ असा, की रिक्षा चालली असेल तर म्हशीने थांबायचं. मागे कोणी घ्यायची हा प्रश्न एरवी दोन शिव्यांत सुटतो. पण टपावर भोंगे आणि चारी बाजूंना नेत्यांचे फोटो असले, की रिक्षा मागे घेणं म्हणजे पक्षाने माघार घेणं. त्यामुळे दोन्ही रिक्षा जागच्या जागी ठाण मांडून आणि दोन्ही भोंगे चालू. गंमत म्हणजे दोन्हीकडे चाल एकच, शब्द तेवढे वेगळे. गाणी एकाच स्टुडिओत झाली असणार. इकडून ‘विकासपुरुष’, तिकडून ‘कार्यसम्राट’. ढोलकी मात्र दोन्हीकडे एकदिलाने वाजत होती.

बऱ्याच वेळाने एक ड्रायव्हर खाली उतरला. आता जुंपणार, म्हणून आजूबाजूच्या गॅलऱ्या भरल्या. त्याने दुसऱ्याकडे चुना मागितला. दोघांनी पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसून सावकाश तंबाखू मळली. सदरलेखक बनियनवरच खाली गेला आणि चौकशी केली, तेव्हा कळलं की दोघेही रोजावर आहेत. मागच्या खेपेला हा त्याच्या पक्षाकडे होता आणि तो याच्या. यंदा भाडं बरं मिळतंय, यावर दोघांचं एकमत झालं. भोंगे बंद करता येतील का, या प्रश्नावरही एकमत झालं. नाही, म्हणाले. पेनड्राइव्हवर लावलेलं आहे आणि बंद केलं तर वॉर्डातला कार्यकर्ता फोन करतो.

ज्यांनी पेपर उशिरा उघडला असेल त्यांच्यासाठी थोडक्यात: मंगळवारी, २ डिसेंबर २०२५ ला, २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींचं मतदान ठरलं होतं. बेरीज २८८, म्हणजे विधानसभेच्या जागा जितक्या तितकीच. कित्येक गावांत वर्षानुवर्षं प्रशासक बसले होते. सर्वोच्च न्यायालयाने मे महिन्यात कान पिळला तेव्हा गाडं हललं. नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडायचा होता. युत्या-आघाड्या मात्र पाठ करायच्या फंदात कोणी पडू नये. चंदगडला दोन्ही राष्ट्रवादी एका बाजूला, सिंधुदुर्गात राणे बंधू दोन पक्षांत, आणि राज्यात गळ्यात गळे घालणारे तालुक्यात एकमेकांची गचांडी धरून.

आता त्या भोंग्यांवरच्या मजकुराकडे वळू. ताई, माई, अक्का यांना विचार पक्का करायला सांगून झाला, की अजूनही अमक्या चिन्हावर ‘मारा शिक्का’ असंच सांगतात. २००४ च्या लोकसभेपासून देशभर मतदान यंत्रावर होतं. शिक्का गेला, शाईचं पॅड गेलं, घडी नीट न घातल्यामुळे बाद होणारी मतपत्रिकाही गेली. घोषणा मात्र हलायला तयार नाही, कारण पक्काशी जुळेल असं दुसरं काही सापडत नाही. ‘बटण’ला यमक एकच सुचतं आणि त्याचं नाव घेतलं तर आचारसंहितेचा भंग होतो.

त्याच भोंग्यावर दुसरं एक वाक्य दर दोन मिनिटांनी येत होतं: ‘नामसाधर्म्यापासून सावध राहा! आपले उमेदवार एकच!’ पुण्यातल्या जुन्या दुकानांवर ‘आमची कोठेही शाखा नाही’ अशी पाटी असते, तिची आठवण व्हावी असा तो सूर. चौकशी केली तर आमच्या प्रभागात खरोखरच एका नावाचे दोन उमेदवार निघाले. पहिलं नाव तेच, आडनाव तेच, फरक फक्त बापाच्या नावात. इथे वामकुक्षीचा विषय मागे पडला, कारण सदरलेखकाची झोप कायमची उडवील असा हा विषय आहे.

भोंग्यावरचा तो इशारा उगाच नसतो. २०१४ च्या लोकसभेत रायगडमध्ये शिवसेनेचे अनंत गीते राष्ट्रवादीच्या सुनील तटकरे यांच्यापेक्षा २,११० मतं जास्त घेऊन निवडून आले. त्याच मतदारसंघात आणखी एक सुनील तटकरे अपक्ष उभे होते. त्यांना ९,८४९ मतं पडली. सभा, पदयात्रा, बैठका, नेत्यांची हेलिकॉप्टरं, दोन्ही पक्षांनी महिनाभर केलेला आरडाओरडा एका पारड्यात आणि एक सारखं नाव दुसऱ्या पारड्यात. दहा वर्षांनी, २०२४ ला, त्याच रायगडमध्ये गीते यांच्या नावाचे उमेदवारही यंत्रावर उमटले. कोकणात उधारी राहत नाही म्हणतात.

मधल्या काळात निवडणूक आयोगाने उपाय केला होता. २०१५ पासून लोकसभा-विधानसभेला यंत्रावरच्या कागदावर उमेदवाराचा फोटो आला. ओळख पटावी हा हेतू. पण तो फोटो केवढा, आणि मतदान केंद्रातल्या कोपऱ्यात, पुठ्ठ्याच्या आडोशामागे, चाळीशी घरी विसरून आलेल्या माणसाला तो कितपत दिसणार? अशा माणसाला पाठ असतं ते चिन्ह.

मग चिन्हंही जुळी निघू लागली. राष्ट्रवादी फुटली, घड्याळ अजित पवारांकडे गेलं आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये शरद पवारांच्या पक्षाला ‘तुतारी वाजवणारा माणूस’ हे चिन्ह मिळालं. रायगड किल्ल्यावर जाऊन त्याचं अनावरण झालं, गावोगाव खरेखुरे तुतारीवाले बोलावून ती वाजवण्यात आली, आणि दोन महिन्यांत पोरासोरांच्या तोंडी ‘तुतारी’ बसली. अडचण एवढीच, की अपक्षांना मिळणाऱ्या मुक्त चिन्हांच्या यादीत आधीपासूनच एक पिपाणी होती आणि मराठीत तिच्यापुढेही ‘तुतारी’ असंच छापलेलं होतं. माणूस नाही, नुसतं वाद्य.

२०२४ च्या लोकसभेत साताऱ्यात उदयनराजे भोसले ३२,७७१ मतांनी जिंकले. पिपाणीवाल्या अपक्षाला ३७,०६२ मतं होती. ती सगळी तुतारीवाल्या शशिकांत शिंदे यांचीच होती असं कोणी शपथेवर सांगू शकणार नाही, पण त्यांच्या कार्यकर्त्यांना विचारून बघा. दिंडोरीत तर दोन्ही योग जुळून आले. भास्कर भगरे हे पेशाने शिक्षक, तुतारीचे उमेदवार. आणि आडनाव भगरेच असलेले एक अपक्ष, पिपाणीचे. भास्कर भगरे १,१३,१९९ मतांनी निवडून आले म्हणून निभावलं, पण दुसऱ्या भगऱ्यांनी घेतलेली मतं होती १,०३,६३२. सहा आकडी! अनेक नावाजलेल्या पुढाऱ्यांना जन्मात इतकी मतं पडत नाहीत. तरीसुद्धा नियमाप्रमाणे अनामत जप्त, कारण ती वाचवायला वैध मतांच्या एक षष्ठांश मतं लागतात. लाखभर लोकांनी बटण दाबलं, तरी अनामत ती गेलीच.

असे उमेदवार कोण उभे करतं, याचं उत्तर प्रत्येक पक्षाकडे तयार असतं आणि ते नेहमी दुसऱ्या पक्षाचं नाव असतं. कायद्याने हात बांधलेले आहेत. नगरपालिकेला वय एकवीस पूर्ण, मतदारयादीत नाव, अनामतीची रक्कम आणि सूचक एवढं असलं की झालं. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे याविषयी याचिका गेली, तेव्हा न्यायमूर्तींनी आईबापांनी ठेवलेल्या नावामुळे एखाद्याचा निवडणूक लढवायचा हक्क हिरावायचा का, असा उलट प्रश्न विचारला. याचिका मागे घेण्यात आली. सदरलेखकाला हा प्रश्न बिनतोड वाटतो. आमच्या तालुक्यात एका आळीत ‘पाटील’ अशी हाक मारली तर निम्मी आळी ‘ओ’ देते. त्यातल्या एकालाच उभं राहायची परवानगी द्यायची तर कोणत्या पाटलाला द्यायची? म्हणून तर अर्जावर नावापुढे कंसात आबा, अण्णा, तात्या, बापू लिहायची धडपड चालते. आमच्या प्रभागातल्या खऱ्या उमेदवाराने कंसात ‘भाऊ’ लिहिलं. दुसऱ्यानेही ‘भाऊ’च लिहिलं. कोणाचा ना कोणाचा भाऊ तोही असणारच.

वरच्या मजल्यावरच्या काकूंची अडचण निराळीच आहे. त्यांनी परवा जिन्यात गाठून विचारलं, “अहो, धनुष्यबाण म्हणजे आता आपला की त्यांचा?” काकूंच्या घरी सगळे जुने शिवसैनिक. सदरलेखकाने आधी ‘आपला’ म्हणजे कोणाचा हे विचारलं, तिथेच दोघांची गाडी अडली. ऑक्टोबर २०२२ मध्ये धनुष्यबाण गोठवला गेला, फेब्रुवारी २०२३ मध्ये तो एकनाथ शिंदे यांच्याकडे गेला, उद्धव ठाकऱ्यांकडे मशाल आली. मशाल काकूंना परकी वाटते. वास्तविक १९८५ साली छगन भुजबळ माझगावातून विधानसभेवर गेले ते मशालीवरच, आणि तेव्हा ते शिवसेनेत होते. आता ते घड्याळवाले. धनुष्यबाणाच्या आधी शिवसेनेने ढाल-तलवारही वापरली आणि रेल्वे इंजिनही. इंजिन पुढे शिवसेनाप्रमुखांच्या पुतण्याच्या पक्षाकडे गेलं. एका घरातली भांडी वाटणीत इकडेतिकडे जावीत तशी ही चिन्हं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “बरं, मग दाबू काय?” आचारसंहिता असल्यामुळे सदरलेखकाने उत्तर दिलं नाही.

अपक्षांचे हाल याहून वाईट. त्यांच्या हातात चिन्ह पडतं मतदानाला जेमतेम आठवडा उरलेला असताना. कपबशी, शिट्टी, नारळ, कपाट, रोडरोलर, शिवणयंत्र, गॅस सिलिंडर; कोणाला काय मिळेल सांगता येत नाही. कपबशीवाल्याच्या दारात चहा घ्यायचा नाही असा विरोधी पॅनेलने फतवा काढल्याच्या गोष्टी प्रत्येक तालुक्यात सांगतात. नारळ मिळाला तर विरोधक म्हणतात, निकालाआधीच हातात दिला. आठवड्याभरात नाव सांगायचं, चिन्ह पाठ करून घ्यायचं, मग विकासाचं बोलायचं. विकासापर्यंत कोणी पोचत नाही.

नामसाधर्म्यवाले मात्र या धावपळीत दिसत नाहीत. आमच्या प्रभागातल्या दुसऱ्या भाऊंचा एक फ्लेक्स नाही, भोंगा नाही, घरोघरी पत्रक नाही. दारावरून गेलं तर ओट्यावर शेंगा सोलत बसलेले असतात. झोपेच्या दृष्टीने पाहता असा आदर्श उमेदवार या सदराने वर्षानुवर्षं शोधला. सापडला तो असा.

गावातल्या मुद्रकाकडे सदरलेखकाची जुनी बैठक आहे. सगळ्या पक्षांची पत्रकं तिथेच छापली जातात. एक पक्ष आला की दुसऱ्याचे गठ्ठे टेबलाखाली, दुसरा आला की पहिल्याचे. खाली मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव छापणं कायद्याने बंधनकारक, त्यामुळे आठ उमेदवारांच्या पत्रकांवर एकच मुद्रक झळकतो आणि प्रत्येक उमेदवाराला वाटतं हा आपला माणूस. त्याला दुसऱ्या भाऊंबद्दल विचारलं.

“आले होते ना,” मुद्रक म्हणाला. “शंभर पत्रकं सांगून गेले.”

“शंभर? प्रभागात मतदार किती, आणि शंभर?”

“मतदारांना वाटायला नाहीत ती. खऱ्या भाऊंच्या ऑफिसात एक पोचलं की बास. मग तिकडून कोणीतरी बोलायला येतं.”

“पण माघारीची मुदत संपली की.”

“माघारीची संपली. पाठिंब्याला कुठे मुदत असते?” असं म्हणून त्याने कॉम्प्युटर सदरलेखकाकडे वळवला. पडद्यावर दुसऱ्या भाऊंचं जाहीर पाठिंब्याचं पत्रक जुळवून तयार होतं. मतदारबंधूंना नमस्कार, प्रभागाच्या हिताचा विचार, कार्यकर्त्यांशी केलेली चर्चा, सगळं जागच्या जागी. पाठिंबा कोणाला, तिथे फक्त टिंबं होती.

“सोमवारी सकाळी भरायचंय ते,” मुद्रक म्हणाला. “ॲडव्हान्स आलाय.”