चित्राचा सातबारा

चित्रालाही सातबारा असतो असं कुणी सांगितलं, तर आमच्या बिडकीनच्या बायका हसतील. पण युरोपातल्या जुन्या चित्रांचा धंदा अशाच कागदांवर चालतो. चित्र कुणी काढलं, पहिल्यांदा कुणी विकत घेतलं, पुढे कोणाच्या घरी गेलं, कोणत्या लिलावात आलं, ही सगळी साखळी व्यापाऱ्याला लागते. मुरलेला व्यापारी चित्र उलटं करून मागची बाजू बघतो. तिथे जुन्या दुकानांची लेबलं, लिलावाचे नंबर, मालकांचे शिक्के असतात. 1933 ते 1945 या काळात चित्र कुठे होतं, हे तर हमखास विचारलं जातं. नाझींनी ज्यूंच्या घरांतून चित्रं लुटली, ती अजून अधूनमधून बाजारात येतात. कागद नीट नसेल तर कितीही सुंदर चित्र असो, गिऱ्हाईक बिचकतं.

आपल्या माणसांनीही ही खरेदी केली आहे. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातून बडोद्याला दत्तक गेलेल्या सयाजीराव गायकवाडांनी युरोपीय चित्रांची गॅलरी उभी केली. चित्रं निवडण्याचं काम त्यांनी लंडनचे कलासमीक्षक मॅरियन स्पीलमन यांच्यावर सोपवलं. (नावावरून बाई वाटतात, पण गृहस्थ होते!) 1914 मध्ये इमारत तयार झाली आणि नेमकं महायुद्ध पेटलं. चित्रं यायला उशीर झाला, गॅलरी उघडली 1921 मध्ये. प्रत्यक्ष महाराजांनाही मध्ये जाणकार माणूस घ्यावा लागला, तिथे तुमची-आमची काय कथा!

पण मला खरी विचार करायला लावणारी गोष्ट आहे ती व्हिएन्नाच्या अ‍ॅडेल ब्लॉख-बाउअर या बाईची. गुस्टाव्ह क्लिम्टने 1907 मध्ये तिचं सोन्याच्या वर्खाचं चित्र पूर्ण केलं. 1925 मध्ये ती गेली. मृत्युपत्रात तिने लिहून ठेवलं होतं, की नवऱ्याने आपल्या पश्चात ही क्लिम्टची चित्रं ऑस्ट्रियाच्या सरकारी गॅलरीला द्यावीत. पुढे नाझी आले, नवरा देश सोडून पळाला, चित्रं जप्त झाली. त्या मृत्युपत्राच्या आधारावर गॅलरी ती वर्षानुवर्षं आपलीच म्हणत राहिली. अमेरिकेत राहणारी अ‍ॅडेलची भाची मारिया आल्टमन कोर्टात गेली. 2006 मध्ये लवादाने निकाल दिला, की चित्रं नवऱ्याच्या मालकीची होती, त्यामुळे अ‍ॅडेलने लिहिलं ती नुसती विनंती. चित्रं भाचीला आणि इतर वारसांना मिळाली. त्याच वर्षी ते सोनेरी चित्र 13.5 कोटी डॉलरना विकलं गेल्याच्या बातम्या आल्या.

निकाल न्यायाचा झाला, त्याचा आनंदच आहे. तरी एक गोष्ट मनातून जात नाही. चित्रात चेहरा तिचा, पण कागदावर तिचं काही नाही!

डीएमआयसीसाठी बिडकीन भागातल्या जमिनी गेल्या तेव्हा मोबदला उताऱ्यावरच्या नावांना मिळाला. निंदणी-खुरपणी करून कंबर मोडलेली बाई उताऱ्यावर नसेल, तर ती हिशेबातही नसते. 1990च्या सुमारास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’त बायकोच्या नावावर जमीन करायला लावली, तेव्हा किती जणांनी टिंगल केली होती! 2005 मध्ये कायदा बदलला आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क मिळाला. लगेच हक्कसोडपत्राची घाई वाढली. जमिनीला भाव आला, की बहिणीला माहेरपणाला बोलावतात, गोडधोड करतात आणि सही घेतात. वर साडीचोळी.

हक्क सोडायचा की नाही, हा तिचा प्रश्न. भावाची परिस्थिती बेताची असेल तर सोडेलही बिचारी. पण सही करण्याआधी तिने एवढं तरी विचारावं, की जमीन किती, सध्याचा भाव काय, आणि उतारा कुठे आहे? उतारा आता मोबाइलवरही बघता येतो. भाऊ रागावला तर रागावू दे. चित्रांच्या बाजारात कागद मागितला म्हणून कुणी गिऱ्हाइकाशी नातं तोडत नाही.