काळजीवाहकाचा अर्धा तास

घरात कर्करोगाचे निदान झाले की साऱ्या घराचे वेळापत्रक रुग्णाभोवती फिरू लागते. ठरावीक आठवड्यांनी येणारी केमोथेरपी, रेडिएशनसाठी रुग्णालयाची रोजची ये-जा, रक्ततपासण्या, औषधांच्या वेळा, पथ्याचा स्वयंपाक. पुरुषमंडळींना पेढी सोडता येत नाही, असे गृहीत धरले जाते. त्यामुळे हा भार बहुधा पत्नी, सून किंवा मुलगी वाहते. तिची झोप मोडते, जेवणाची वेळ टळते आणि सकाळचे फिरणे सर्वांत आधी सुटते. ते सुटल्याची नोंद मात्र कोणत्याच वहीत होत नाही.

व्यापाऱ्याला घसारा समजावून सांगावा लागत नाही. यंत्र रोज चालते, म्हणून त्याच्या देखभालीची तरतूद आधीच केली जाते. शुश्रूषा करणारा देहही असाच झिजतो. शुल्झ आणि बीच या अमेरिकन संशोधकांनी ६६ ते ९६ वर्षे वयाच्या पती-पत्नींचा चार वर्षे अभ्यास करून १९९९ साली निष्कर्ष मांडले. आजारी वा परावलंबी जोडीदाराची काळजी घेताना ज्यांच्यावर ताण येत होता, त्यांना मृत्यूचा धोका इतरांपेक्षा ६३ टक्के अधिक आढळला. काळजी घेऊनही ज्यांच्यावर ताण नव्हता, त्यांच्यात अशी वाढ दिसली नाही. म्हणजे घातक आहे तो ताण, सेवा नव्हे.

हा ताण हलका करण्याचा एक साधा मार्ग म्हणजे व्यायाम. स्मृतिभ्रंश झालेल्या आप्तांची काळजी घेणाऱ्या १०० स्त्रियांच्या एका अमेरिकन अभ्यासात, वर्षभर नियमित व्यायाम करणाऱ्यांची झोप सुधारली आणि तणावाच्या क्षणी रक्तदाबाची उसळी कमी झाली. आजार वेगळा असला, तरी जागरण आणि चिंता तीच.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवते. म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास झपाझप चालणे. तेही सलग हवे असे नाही. दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे चालतात. केमोथेरपी सुरू असताना रुग्णालयाच्या आवारात एक फेरी, लिफ्टऐवजी दोन जिने, खुर्चीवरून दहा वेळा उठबस, हे सारे जमेस धरावे. हृदयविकार, गुडघेदुखी वा चक्कर असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. बाहेरून आल्यावर हात स्वच्छ धुऊन मगच रुग्णाजवळ जावे; उपचारकाळात त्याची प्रतिकारशक्ती क्षीण झालेली असते.

खरी अडचण मात्र व्यायामाच्या प्रकाराची नसते. ती चालायला गेली, तर रुग्णाजवळ कोण बसणार? या प्रश्नाचे उत्तर घराने द्यायचे असते. ‘स्वतःकडेही लक्ष दे’ असे सांगून कर्तव्य पूर्ण होत नाही. सोमवारी दीर, मंगळवारी नणंद, बुधवारी मोठा मुलगा, अशी नावानिशी पाळी लावून ती भिंतीवर चिकटवावी. पेढी अर्धा तास उशिरा उघडली, तर गिऱ्हाईक थोडा वेळ थांबेल. सुटीचा तो अर्धा तास ठरलेला असला की बाहेर पडणाऱ्या स्त्रीच्या मनात अपराधी भाव उरत नाही. औषधांच्या यादीखाली हीही एक ओळ लिहिली जावी.