वेगळी चूल की एकच धावपट्टी?

केवळ महिलांसाठी २०१९ मध्ये सुरू झालेली ‘डब्ल्यू सीरिज’ ही मोटार शर्यतींची मालिका पैशाअभावी २०२२ चा हंगामही पूर्ण करू शकली नाही. पुढच्याच वर्षी ‘एफ-वन अकादमी’ ही तशीच दुसरी मालिका उभी राहिली. फॉर्म्युला वनच्या प्रत्यक्ष शर्यतीत महिला उतरली त्याला मात्र १९७६ नंतर पुन्हा मुहूर्त लागलेला नाही. महिलांसाठी वेगळी चूल मांडावी की त्यांना पुरुषांच्या बरोबरीने उतरू द्यावे, या वादात शर्ली मुल्डाउनी यांचे नाव अभावानेच ऐकू येते. वास्तविक ते सर्वप्रथम यायला हवे.

ड्रॅग रेसिंग हा अस्सल अमेरिकी खेळ. दोन मोटारी, पाव मैलाची सरळ धावपट्टी आणि काही सेकंदांत निकाल. वळण नाही, डावपेचांना फारशी जागा नाही. चालक कोण आहे याची घड्याळाला फिकीर नसते. ती होती माणसांना. सोळाव्या वर्षी शाळा सोडून संसाराला लागलेल्या मुल्डाउनी यांना १९६५ मध्ये पेट्रोलवर धावणाऱ्या ड्रॅगस्टरचा परवाना मिळाला. ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ने महिलेला दिलेला तो पहिला. नायट्रोमिथेनवर धावणारा ‘टॉप फ्युएल’ हा सर्वोच्च गट. त्याचा परवाना १९७३ मध्ये मिळाला. त्याच्या कागदपत्रांवर सह्या करणाऱ्यांत डॉन गार्लिट्स होते. पुढे धावपट्टीवर हेच गार्लिट्स त्यांचे कडवे प्रतिस्पर्धी ठरले. १९७६ मध्ये कोलंबस येथे या गटातील राष्ट्रीय स्पर्धा जिंकणारी पहिली महिला होण्याचा मान त्यांनी मिळवला, तर १९७७, १९८० आणि १९८२ मध्ये वार्षिक अजिंक्यपद पटकावले. हे विजेतेपद दोनदा आणि मग तीनदा मिळवणारी ती पहिली व्यक्ती. व्यक्ती, महिला नव्हे. हा भेद महत्त्वाचा आहे. त्यांची मोटार गुलाबी होती, हा तपशील वृत्तपत्रांनी जितका चघळला तितका हा विक्रम चघळला नाही.

१९८३ मध्ये त्यांच्यावर ‘हार्ट लाइक अ व्हील’ हा चित्रपट आला आणि पुढच्याच वर्षी, जून १९८४ मध्ये मॉन्ट्रियलजवळ ताशी सुमारे २५० मैलांच्या वेगात पुढच्या चाकाने दगा दिला. पायांचा चुराडा झाला, शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया झाल्या. दीड वर्षाहून अधिक काळ गेल्यावर, १९८६ मध्ये त्या पुन्हा त्याच आसनावर बसल्या. निवृत्ती स्वीकारली ती २००३ मध्ये.

तेव्हा एकच धावपट्टी हेच उत्तर, असे म्हणण्याचा मोह होतो. पण हिशेब इतका सरळ नाही. नियमाने दार उघडे असले तरी मोटार, इंजिन, तंत्रज्ञांचे पथक आणि पुरस्कर्ते ज्याने त्याने उभे करायचे असतात, आणि पुरस्कर्त्यांसाठी मुल्डाउनी यांना अजिंक्यपदानंतरही झगडावे लागले. ‘टॉप फ्युएल’चे अजिंक्यपद यानंतर महिलेकडे आले ते थेट २०१७ मध्ये, ब्रिटनी फोर्स यांच्या रूपाने. पस्तीस वर्षांनी. त्यांच्या पाठीशी वडील जॉन फोर्स होते: याच खेळातील ‘फनी कार’ गटाचे सोळा वेळचे विजेते आणि स्वतःच्या संघाचे मालक.